कोणता निरोप कोणत्या ॲपवर?

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने वापरकर्त्यांच्या माहितीविषयीच्या आपल्या नव्या अटींची सूचना प्रत्येकाच्या फोनवर दाखवली आणि पुढच्या काही दिवसांत घराघरांतून एकच चर्चा सुरू झाली, की आता जायचे कुठे. सिग्नल या दुसऱ्या ॲपकडे तेव्हा एवढी माणसे एकदम लोटली की १५ जानेवारीला त्याची सेवाच काही तास कोलमडली. आमच्या कुटुंबाचाही एक नवा ग्रुप तिथे उघडण्यात आला. चुलत, मामे, मावस असे मिळून चौदा जण त्यात आले, पहिल्या दिवशी सर्वांनी एकमेकांचे स्वागत केले, आठवडाभर सकाळचे नमस्कार दोन्हीकडे पडत राहिले आणि महिन्याभरात तो ग्रुप ओस पडला. कोणाचे मत बदलले होते असे नाही. मामीची भिशी, मुलांच्या शाळेचा वर्ग, दूधवाले काका, इमारतीत पाणी कधी येणार ते सांगणारा ग्रुप हे सारे जुन्याच जागी होते आणि ज्या दारातून दिवसातून वीस वेळा ये-जा होते त्याच दारात माणसे बोलत उभी राहतात.

त्यानंतर अनेकांनी मला विचारले की सगळ्यांत चांगले ॲप कोणते. या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देता येत नाही, कारण आपण दिवसभरात जे निरोप पाठवतो ते एका जातीचे नसतात. ‘उद्या दूध अर्धा लिटर जास्त टाका’ हा निरोप, रक्ततपासणीचा अहवाल, सोसायटीच्या सभेची सूचना, भावंडांमधले जमिनीच्या वाटणीचे बोलणे आणि परीक्षार्थींसाठी काढलेल्या टिपा यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. म्हणून एकच ॲप निवडण्याऐवजी प्रत्येक प्रकारच्या निरोपाची जागा ठरवावी, असे माझे म्हणणे आहे. आणि ती ठरवता यावी यासाठी या ॲपांच्या आत काय घडते हे थोडे समजून घ्यावे लागते.

किल्ली कोणाकडे असते

आपण पाठवलेला निरोप थेट समोरच्याच्या फोनवर पोहोचत नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम सुरू असलेल्या मोठ्या संगणकावर जातो आणि समोरचा फोन बंद असला किंवा त्याला रेंज नसली तर तिथेच थांबून राहतो. या प्रवासात निरोपाला कुलूप लावण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत आपल्या फोनपासून सर्व्हरपर्यंत एक कुलूप असते आणि सर्व्हरपासून समोरच्या फोनपर्यंत दुसरे. वाटेत कोणाला डोकावता येत नाही, पण सर्व्हरवर मात्र निरोप उघडता येतो, कारण दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या कंपनीकडे असतात. दुसऱ्या पद्धतीत निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो तो घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो आणि मधला सर्व्हर केवळ ओझे वाहून नेतो. या दुसऱ्या पद्धतीला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात.

इथे एक रास्त शंका येते. सगळी देवाणघेवाण सर्व्हरमधूनच होत असेल तर दोन फोनांनी आपसांत किल्ली ठरवायची कशी? ती किल्लीही सर्व्हरला दिसणारच. समजा, सांगलीच्या बहिणीने आपल्या नावाची पुष्कळशी उघडी कुलुपे पोस्टात आणून ठेवली आहेत आणि त्यांच्या किल्ल्या मात्र स्वतःच्या कपाटात ठेवल्या आहेत. तिला काही पाठवायचे असेल तर पोस्टातून तिचे एक उघडे कुलूप घ्यायचे, पेटीला लावायचे आणि दाबून बंद करायचे. कुलूप दाबून बंद करायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते, आणि ती बहिणीकडेच आहे. आपल्या फोनवर ॲप बसवले जाते तेव्हा ते नेमके हेच करते: गणिती कुलुपांचा एक गठ्ठा सर्व्हरवर ठेवते आणि किल्ल्या फोनमध्येच राखते. एकदा संभाषण सुरू झाले की पुढच्या प्रत्येक निरोपाला नवी किल्ली लागते, त्यामुळे एखादी किल्ली कोणाच्या हाती पडली तरी तिने मागचे सारे निरोप उघडत नाहीत.

मात्र पोस्टानेच लबाडी करून बहिणीच्या नावाखाली स्वतःचे कुलूप ठेवले तर? ही शक्यता तपासण्याचीही सोय आहे. व्हॉट्सॲप आणि सिग्नल या दोन्हींवर प्रत्येक संभाषणाचा ६० अंकी आकडा आणि त्याचाच एक क्यूआर कोड असतो. दोघांच्या फोनवर तोच आकडा दिसत असेल तर मध्ये कोणी बसलेले नाही. ज्यांच्याशी आपण खरोखर नाजूक बोलणार आहोत, त्यांच्याशी समोरासमोर भेट झाली असता तो कोड एकदा स्कॅन करून घ्यावा. ‘सुरक्षा कोड बदलला’ अशी सूचना पुढे कधी आली, तर बहुधा त्या व्यक्तीने फोन बदललेला असतो. तरीही एक फोन करून विचारून घेण्यात कमीपणा नाही.

ही रचना मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी सिग्नलसाठी विकसित केली आणि व्हॉट्सॲपने तीच स्वीकारून २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या सर्व वापरकर्त्यांना लागू केली. कुलपाचा विचार करता ही दोन्ही ॲपे एकाच घराण्यातली आहेत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. व्हॉट्सॲपच्या कचेरीत बसून कोणी आपले कौटुंबिक बोलणे वाचत आहे, ही भीती त्यामुळे निराधार आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि ते माहीत असावेत. एखाद्याने तक्रार नोंदवली तर त्या संभाषणातले शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात. मोठ्या दुकानांशी, बँकांशी किंवा विमान कंपन्यांशी केलेले बोलणे त्यांच्या वतीने दुसरी एखादी संस्था सांभाळत असू शकते. आणि ॲपमधल्या मेटा एआयला विचारलेला प्रश्न हा मेटालाच, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीलाच, विचारलेला असतो, त्यामुळे त्यात कुलपाचा मुद्दाच येत नाही.

टेलिग्रामची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दलचा गैरसमज मला सर्वांत धोकादायक वाटतो. पावेल आणि निकोलाय दुरोव या भावांनी २०१३ मध्ये सुरू केलेले हे ॲप अधिक गुप्त आहे, असे अनेक सुशिक्षित लोकही मानतात. वास्तविक तिथले नेहमीचे संभाषण वर सांगितलेल्या पहिल्या पद्धतीने चालते, म्हणजे किल्ली कंपनीकडे असते. ‘सीक्रेट चॅट’ नावाची दुसऱ्या पद्धतीची सोय तिथे आहे, पण ती प्रत्येक वेळी आपण होऊन सुरू करावी लागते, ती दोघांपुरतीच असते आणि ग्रुपसाठी ती मुळीच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने, कायदेशीर मागणी आल्यास नियमभंग करणाऱ्यांचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि फोन क्रमांक सरकारी यंत्रणांना देऊ, असे आपल्या धोरणात नमूद केले. गुन्हेगार सापडावेत याला कोणाचीच हरकत असणार नाही. मुद्दा एवढाच आहे की टेलिग्रामवरच्या आपल्या साध्या निरोपाचे संरक्षण गणितावर नव्हे, तर कंपनीच्या शब्दावर अवलंबून आहे.

झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टई या ॲपकडे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोकांचे लक्ष वेधले गेले, तेव्हा तिथले फोन कॉल एंड-टू-एंड सुरक्षित होते, पण लिखित निरोप तसे नव्हते; ती सोय कंपनीने नंतर आणायला सुरुवात केली. स्वदेशी ॲपाविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे आणि मलाही ती वाटते. पण ॲप कुठल्या गावात तयार झाले यावरून त्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे ठरत नाही, तो प्रश्न स्वतंत्रपणेच विचारावा लागतो.

आंतरदेशीय पत्राची बाहेरची बाजू

ज्यांनी निळे आंतरदेशीय पत्र वापरले आहे त्यांना पुढचा भाग चटकन समजेल. ते पत्र चिकटवले की आतला मजकूर झाकला जाई, पण बाहेर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोस्टाचा तारखेसह शिक्का हे सारे उघडे असे. पोस्टमनला आत काय आहे हे कळत नसे, परंतु कोकणातून मुंबईच्या कोणत्या खोलीत दर आठवड्याला पत्र येते आणि ते कधीपासून थांबले, हे त्याला बरोबर माहीत असे. निरोपाच्या ॲपांनाही अशी बाहेरची बाजू असते: कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा, कोणत्या ठिकाणच्या जोडणीवरून बोलले, कोण कोणत्या ग्रुपात आहे, फोनच्या वहीत कोणाचे क्रमांक आहेत.

ही माहिती किरकोळ वाटते, पण ती फार बोलकी असते. एखाद्याने सोमवारी तपासणी केंद्राशी, बुधवारी कर्करोगतज्ज्ञांच्या दवाखान्याशी, गुरुवारी विमा प्रतिनिधीशी आणि त्याच रात्री दीड वाजता परदेशातल्या मुलाशी बोलणे केले असेल, तर एकही शब्द न वाचता त्याच्या घरात काय चालले आहे हे कळते.

सिग्नल आणि व्हॉट्सॲप यांच्यातला खरा फरक इथे आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका फौजदारी तपासात सिग्नलकडे माहिती मागण्यात आली, तेव्हा त्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी: खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले. नाकारण्याचा प्रश्नच आला नाही, कारण बाकीचे त्यांनी साठवलेलेच नव्हते. सिग्नलमागे नफा न घेणारी संस्था आहे आणि ती देणग्यांवर चालते. या संस्थेला २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर देऊन उभे करणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकीच एक आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी आणि यान कूम यांनी २००९ मध्ये सुरू केलेले व्हॉट्सॲप फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले. एवढी रक्कम मोजणाऱ्या कंपनीला त्यातून उत्पन्न काढावेच लागते. मजकूर वाचता येत नसल्यामुळे ते व्यावसायिकांकडून घेतलेल्या शुल्कातून काढले जाते आणि २०२५ च्या जूनमध्ये कंपनीने ‘अपडेट्स’च्या पानावर जाहिराती दाखवण्याचेही जाहीर केले. २०२१ च्या त्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. त्या वादाचा विषय आपल्या निरोपांतला मजकूर हा नव्हता. व्हॉट्सॲपकडे जमणारी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांकडे जावी का आणि ती अट मान्य करण्यावाचून लोकांना पर्याय ठेवला होता का, हा होता.

बॅकअप: जिथे बहुतेकांचे कुलूप उघडे असते

या साऱ्या चर्चेत जो भाग सर्वांत कमी बोलला जातो आणि ज्याने सर्वाधिक फरक पडतो, तो म्हणजे बॅकअप. व्हॉट्सॲप रोज रात्री आपल्या संभाषणांची एक प्रत अँड्रॉइड फोनवरून गूगलच्या खात्यात किंवा आयफोनवरून ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ठेवू शकते. निरोपाच्या प्रवासात लावलेले भक्कम कुलूप या प्रतीला आपोआप लागत नाही. ती सोय २०२१ च्या ऑक्टोबरपासून उपलब्ध आहे, पण ती आपण स्वतः सुरू करावी लागते. म्हणजे दाराला तिजोरीचे कुलूप लावायचे आणि घरातल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स शेजाऱ्याकडे ठेवायची, असा हा प्रकार होतो. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, त्यात ‘चॅट बॅकअप’ आणि त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअपचा पर्याय आहे. तिथे पासवर्ड ठरवता येतो किंवा ६४ अंकाक्षरी किल्ली घेता येते. मात्र हा पासवर्ड विसरलात आणि फोनही हातचा गेला, तर ती प्रत कंपनीलाही उघडता येत नाही. तो कागदावर लिहून बँकेच्या आणि घराच्या कागदांसोबत ठेवावा, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो. पासवर्ड कागदावर लिहू नये हा सल्ला कचेरीतल्या टेबलासाठी ठीक आहे, घरातल्या कपाटासाठी नाही.

आपण एवढे केले तरी समोरच्या व्यक्तीने केले नसेल तर त्याच संभाषणाची दुसरी प्रत उघडीच राहते. २०२० मध्ये मुंबईत चित्रपटसृष्टीशी संबंधित एका तपासाच्या काळात कित्येक जणांची जुनी व्हॉट्सॲप संभाषणे वाहिन्यांवर वाचून दाखवली गेली, तेव्हा एन्क्रिप्शन फसवे असल्याची ओरड झाली. पण वाटेतले कुलूप कोणी फोडले नव्हते. मजकूर फोनमध्ये आणि त्याच्या प्रतींमध्ये होता, आणि तपास यंत्रणा तिथपर्यंत पोहोचल्या होत्या.

आता याची दुसरी बाजूही मनापासून सांगायला हवी. बॅकअप ही कमजोरी आहे तशीच ती आठवणींची पेटीही आहे. माझ्या परिचयातल्या एका बाईंकडे दिवंगत आईचे आवाजी निरोप आहेत, ‘जेवलीस का’ एवढेच विचारणारे, आणि त्यांना ते कोणत्याही गुप्ततेपेक्षा मोलाचे आहेत. सिग्नल या बाबतीत फार काळ कठोर राहिले. फोन हरवला की बहुधा जुने सारे गेले, कारण अँड्रॉइडवर ३० अंकी किल्लीची स्थानिक प्रत आपण होऊन काढली नसेल तर काहीच शिल्लक राहत नसे. २०२५ पासून त्यांनीही स्वतःच्या सुरक्षित बॅकअपची सोय टप्प्याटप्प्याने आणायला घेतली आहे. टेलिग्राममध्ये तर सारे सर्व्हरवरच असल्यामुळे नव्या फोनवर नुसते खाते उघडले की दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्रही समोर येते. जी गोष्ट गुप्ततेच्या दृष्टीने उणीव आहे तीच सोयीच्या दृष्टीने गुण ठरते आणि दोन्ही एकाच वेळी पदरात पाडून घेणे अवघड आहे. म्हणून जे जपायचे आहे ते ॲपच्या भरवशावर न ठेवता वेगळे उतरवून संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवलेले बरे.

समोर कोण आहे

कुलूप कितीही चांगले असले तरी ज्याला आपणच आत घेतले त्याच्यापासून ते रक्षण करीत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी येमेनमधल्या हल्ल्याची चर्चा सिग्नलवरच्या एका ग्रुपात केली आणि त्या ग्रुपात एका मासिकाच्या संपादकांना चुकून सामील करून घेतले गेले. सिग्नलचे गणित त्या दिवशी बिनचूक चालले होते, फक्त माणूस चुकीचा होता. आपल्याकडे हे दररोज लहान प्रमाणावर घडते: जुना भाडेकरू सोसायटीच्या ग्रुपात तसाच राहतो, नोकरी सोडलेला सहकारी कामाच्या ग्रुपात राहतो आणि एखाद्याने काढलेला स्क्रीनशॉट गावभर फिरतो. ठरावीक काळाने निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय तिन्ही ॲपांवर आहे. ती स्क्रीनशॉट थांबवत नाही, पण तीन वर्षांनी कोणाच्या तरी दुरुस्तीला दिलेल्या फोनमधून आपल्या आधार कार्डाचे छायाचित्र निघण्याचा धोका कमी करते.

खाते पळवण्याचे प्रकारही कुलूप न फोडता होतात. ओळखीच्याच क्रमांकावरून ‘चुकून तुमच्याकडे सहा अंकी कोड आला आहे, तो पाठवा’ असा निरोप येतो, आपण तो पाठवतो आणि आपले खाते दुसऱ्याच्या फोनवर उघडते. पुढच्या तासाभरात आपल्या नातेवाइकांकडे आपल्याच नावाने पैसे मागितले जातात. यावर उपाय म्हणजे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून स्वतःचा वेगळा पिन ठरवणे, आणि जोडलेल्या उपकरणांची यादी महिन्यातून एकदा पाहून अनोळखी नाव दिसले तर काढून टाकणे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तिथे पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीचा खरोखर उपयोग होतो. फोनच ताब्यात घेणाऱ्या पेगासससारख्या हेरगिरीपुढे यांपैकी कोणतेही ॲप पुरे पडत नाही. सामान्य माणसाला तो धोका क्वचितच असतो, पण पत्रकार आणि वकील यांनी फोनची प्रणाली अद्ययावत ठेवण्यात एक दिवसही टाळाटाळ करू नये.

फोन क्रमांक उघडा पडण्याचा प्रश्न मला यापेक्षाही रोजचा वाटतो आणि तो विशेषतः शिक्षिका, अंगणवाडी सेविका, घरगुती डबे देणाऱ्या आणि शिकवण्या घेणाऱ्या स्त्रियांचा आहे. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या ग्रुपात प्रत्येक सभासदाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो. शंभर पालकांच्या ग्रुपात आलेल्या एका शिक्षिकेला अनोळखी लोकांचे रात्री फोन येऊ लागले, अशी उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. टेलिग्रामवर क्रमांक लपवून केवळ नावाने वावरता येते आणि सिग्नलनेही २०२४ च्या फेब्रुवारीत ती सोय आणली, जरी खाते उघडायला क्रमांक दोन्हीकडे लागतोच. जिथे अनोळखी माणसे मोठ्या संख्येने एकत्र येणार असतील, तिथे ही एक सोय एन्क्रिप्शनपेक्षाही आधी पाहावी.

अफवा आणि सरकारचे म्हणणे

एन्क्रिप्शनची किंमतही असते आणि ती महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मुले पळवल्याच्या अफवा त्या दिवसांत फोनवरून गावोगाव पसरत होत्या आणि त्या कोणी सुरू केल्या हे कंपनीला दिसत नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांत यापुढे जाऊन, मोठ्या ॲपांनी निरोपाचा पहिला कर्ता शोधून देता आला पाहिजे, अशी अट घातली. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ती अट पाळायची तर प्रत्येकाचेच कुलूप सैल करावे लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे, हे मला मान्य आहे. तरीही पुढे पाठवण्याचा वेग कमी करणे हा उपाय मला अधिक योग्य वाटतो, कारण त्यात अफवेला अडथळा होतो आणि कोणाचे खाजगी बोलणे उघडे पडत नाही. टेलिग्रामवर दोन लाखांपर्यंतचे ग्रुप आणि सभासदांची मर्यादाच नसलेली चॅनेले आहेत आणि पुढे पाठवण्याला असा लगाम नाही. खोट्या गुंतवणुकीच्या आणि ‘घरबसल्या काम’ देणाऱ्या फसव्या टोळ्यांना ते ठिकाण आवडते, यात नवल नाही.

पण त्याच रचनेचा चांगला उपयोग पाहायचा असेल तर पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जावे. एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे अर्धे साहित्य टेलिग्रामच्या चॅनेलांवर असते. लातूरहून उशिरा आलेल्या विद्यार्थ्यालाही पहिल्या दिवसापासूनच्या टिपा दिसतात, दोन जीबीपर्यंतची फाइल टाकता येते आणि फोनची जागा भरत नाही. सूचना फलक म्हणून टेलिग्राम फार चांगले आहे. सूचना फलकावर आपण आपला वैद्यकीय अहवाल लावत नाही, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

माणसे जिथे आहेत तिथे

निवडीचा शेवटचा घटक तंत्रज्ञानाचा नाही. भारतात तयार झालेले हाइक हे ॲप २०१२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले, २०१६ च्या सुरुवातीला त्याने १० कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले आणि २०२१ च्या जानेवारीत, म्हणजे लोक व्हॉट्सॲपला पर्याय शोधत होते नेमक्या त्याच महिन्यात, ते बंद पडले. ॲपात खोट होती असे नव्हे. आपले लोक दुसरीकडे असले की चांगली वस्तूही एकाकी पडते. जिओच्या फोनवरून बीएसएनएलच्या फोनला लावताना आपल्याला हा विचार करावा लागत नाही, कारण त्या कंपन्यांना एकमेकांचे फोन जोडावेच लागतात. निरोपाच्या ॲपांवर आपल्याकडे तसे बंधन नाही. युरोपीय संघाने आपल्या डिजिटल बाजारांच्या कायद्याने व्हॉट्सॲपला इतरांसाठी दार उघडायला लावले आहे. आपल्याकडेही तसे व्हावे, असे मला फार वाटते, कारण मग निवड खरोखर आपली राहील.

तोवर व्हॉट्सॲप पूर्ण सोडणे बहुतेकांना शक्य नाही आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. पुणे मेट्रोचे तिकीट त्यावर मिळते, राज्य शासनाने २०२५ च्या फेब्रुवारीत ‘आपले सरकार’च्या सेवा तिथे आणण्यासाठी मेटाशी करार केला, आणि गावातला कृषी सेवा केंद्रवालाही तिथेच भेटतो. परदेशातल्या मराठी माणसांना तर देशाचा कायदाही पाहावा लागतो. दुबईतल्या मुलाला व्हॉट्सॲपवर लिहिता येते, पण त्यावरचे कॉल तिथे चालत नाहीत, म्हणून आईवडिलांच्या फोनवर बोटिमसारखे तिथे परवानगी असलेले ॲप बसवावे लागते. चीनमध्ये शिकणाऱ्या मुलीसाठी वीचॅटवाचून सहसा गत्यंतर नसते आणि तिथले बोलणे उघड्यावरचेच आहे, असे धरून चालावे.

कोणी मला सुरुवात कुठून करू असे विचारले, तर नवे ॲप उतरवण्याआधी जुन्याच ॲपचा पिन, बॅकअपचे कुलूप आणि जोडलेल्या उपकरणांची यादी या तीन गोष्टी आजच्या आज पाहून घ्या, असे मी सांगतो. दहा मिनिटांच्या या कामाने जेवढा धोका कमी होतो तेवढा ॲप बदलूनही होत नाही. त्यानंतर ज्या दोन-चार माणसांशी आजारपणाचे, पैशांचे, कोर्टाचे किंवा मनातले बोलायचे आहे, तेवढ्यांनाच सिग्नलवर बोलवावे. चौदा जणांना हलवणे कठीण असते, तिघांना हलवणे सोपे असते. आमचा २०२१ मध्ये ओस पडलेला ग्रुप आता पुन्हा चालू आहे. त्यात आम्ही चौघे भावंडेच उरलो आहोत, आईच्या औषधांचे कागद आणि गावच्या घराचे बोलणे तिथे होते, आणि बाकीचे कुटुंब सकाळच्या नमस्कारांसह जुन्याच ग्रुपात सुखाने नांदते आहे.